तुम्हाला असं म्हणायचं होतं का?

माझा धंदाच चुका काढण्याचा. उल्हासनगरात कॅम्प तीनच्या एका छापखान्यात मी प्रुफं तपासतो. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, शोकसभेची कार्डं, नगरसेवकांची पत्रकं, काय वाटेल ते. आमचे शेठ सिंधी. मराठी झकास बोलतात, पण वाचता येत नाही. कागदावर माझी लाल सही दिसली की म्हणतात, ‘चलो साईं, चढाव मशीन पे.’ ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. रिक्षाच्या मागे ‘आईचा आर्शिवाद’ वाचून मी रिक्षावाल्याशी भांडलेला माणूस आहे.

असल्या माणसाशी माझ्या बायकोनं बावीस वर्षं संसार केला. ती गेली त्याला आता दीड वर्ष होईल.

ती बारवी धरणाकडची. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी धरणाची उंची वाढली आणि तिचा पाडा पाण्याखाली गेला. माणसं पांगली. तिची मोठी बहीण, तिला मी आक्का म्हणतो, ती जांभूळ गावाच्या अलीकडे घर बांधून राहिली. आमचं घराणं साताऱ्याकडचं. वडील अंबरनाथला कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. शुद्ध बोलण्याचं खूळ त्यांच्यापासूनचं. वाटाण्याच्या उसळीत मीठ नसलं तरी चालेल, पण ‘ळ’ नीट हवा. सुरुवातीला सगळे एकत्र अंबरनाथला, मग आम्ही दोघंच राहायचो बदलापूरला. बदलापूरच्या नळाला येतं ते बारवीचंच पाणी, जांभूळच्या केंद्रात साफ होऊन. पाडा बुडाला त्या वर्षी एकदा ती भरलेला ग्लास हातात धरून म्हणाली, ‘हे आमच्या घरावरून आलंय.’ मी म्हटलं, ‘घरावरून कसं येईल? घरावरच्या पाण्यातून म्हण.’ ती पाणी प्यायली आणि ग्लास विसळून पालथा घातला.

लग्न होऊन आली तेव्हा ती त्यांच्या पाड्याची बोली बोलायची. त्यांच्याकडे ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, शब्दातल्या ‘ड’चा ‘र’. पाण्याचं पानी, केळ्याचं केला, गाडीची गारी. मला वाटायचं, जिभेला वळण लावलं की झालं. ‘जीभ वर टाळूला लाव. पा-णी.’ ती लावायची. पुन्हा घसरायची. ‘पालथ्या घड्यावर पाणी,’ मी म्हणायचो, आणि वर विचारायचो, ‘आता ह्यातला पाणी शब्द म्हणून दाखव.’ घरातले हसायचे. तीही हसायची, म्हणून मला वाटायचं की तिलाही मजा येतेय.

दोन-तीन वर्षांत ती बातम्या देणाऱ्या बाईसारखं बोलायला लागली. माझं काम फत्ते. फक्त आधीपेक्षा कमी बोलायला लागली, ते माझ्या फारसं लक्षात आलं नाही. लोक म्हणायचे, वहिनी बोलत नाहीत फारशा. मी सांगायचो, आमची ही मुळातच अबोल. हे मी कौतुकानं सांगायचो, बरं का. मूलबाळ नव्हतं, घर शांत असायचं, आणि मला प्रुफं वाचायला शांतता लागते.

पुढे तिनं अंबरनाथ पूर्वेला कॉम्प्युटरचा क्लास लावला. बारावी झालेली, डोक्यानं तल्लख. घरबसल्या दुकानांच्या वेबसाईट करून द्यायला लागली: फर्निचरवाले, जीन्सवाले, एक पापडवाली. त्यातून कधीतरी तिनं स्वतःची एक वेबसाईट सुरू केली, पाड्याच्या शब्दांची. पाण्याखाली गेलेल्या घरांची माणसं जिथं जिथं जाऊन राहिली होती तिथं ती रविवारी जायची. म्हाताऱ्या बायांशी बोलायची, रेकॉर्ड करायची, घरी येऊन एकेक शब्द साईटवर चढवायची. शब्द आणि अर्थ कुणालाही दिसायचे. आवाज मात्र तिनं आत कुलपात ठेवले होते, कारण बाया म्हणाल्या होत्या, आमचा आवाज बाजारात नको. मी त्या रविवारांना तिच्याबरोबर एकदाही गेलो नाही. मला त्या बोलीनं डोकं दुखायचं, असं मी स्पष्ट सांगितलं होतं.

आता रूटचं सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं.

वेबसाईट कुठल्यातरी मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवावी लागते, त्याला सर्व्हर म्हणतात. तो भाड्यानं मिळतो. तिनं आधी उल्हासनगरच्याच एका छोट्या एजन्सीकडून स्वस्तातली जागा घेतली होती. एकाच सर्व्हरवर शेकडो जणांच्या साईट, सगळ्यांना एकच नियम. चाळीतल्या खोलीसारखं: राहा, पण भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा. एजन्सीनं सगळ्यांच्या साईटवर शोधायची एक चौकट बसवली होती, आणि ती चौकट फार शहाणी होती. कुणी तिथं ‘डोला’ लिहून शोधलं की ती शब्द दाखवायच्या आधी वर लाल अक्षरांत विचारायची: ‘तुम्हाला डोळा असं म्हणायचं होतं का?’ ‘पानी’ लिहिलं की ‘तुम्हाला पाणी असं म्हणायचं होतं का?’ प्रत्येक शब्दाला. जो शब्द जपायला तिनं घर बांधलं, त्या घराच्या दारातच रखवालदार उभा राहून त्याला दुरुस्त करत होता.

ती महिनाभर एजन्सीवाल्याच्या मागे लागली होती, हे काढा म्हणून. तो म्हणायचा, भाभी, ये तो सबके लिए है, एक के लिए कैसे निकालूं. एकदा जेवताना तिनं मला हे सांगितलं. मी पोळीचा घास तसाच धरून हसलो. म्हटलं, ‘बघ, मशीनलासुद्धा कळतं.’

तिनं ताटातलं जेवण संपवलं. दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून उल्हासनगरला गेली आणि स्वतंत्र सर्व्हर घेऊन आली. अख्खं मशीन तिचं एकटीचं, भाड्याचं असलं तरी. आणि त्यावर रूट. रूट म्हणजे त्या मशीनवरचा सर्वात वरचा माणूस. त्याला काहीही बसवता येतं, काहीही काढता येतं, आणि मशीन त्याला एका शब्दानं अडवत नाही. साध्या माणसानं काही करायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’ येतं. रूटला येत नाही.

मी विचारलं, ‘एवढं कशाला लागतं? शब्दच तर ठेवायचेत.’

ती म्हणाली, ‘रूट असलं की कुणाला विचारावं लागत नाही.’

‘मग इथं कुणाला विचारावं लागतं तुला?’ मी म्हटलं. ती लॅपटॉप उघडून बसली. त्या संध्याकाळी तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर ती लाल अक्षरांतली ओळ उपटून फेकली. मला बोलावून दाखवलं. ‘डोला’ लिहिलं, ‘डोला’च आला, मुकाट्यानं. मग तिनं एजन्सीवाल्याची चावी काढून टाकली आणि पासवर्ड बदलला. तिला इतकं खूश मी फार कमी वेळा पाहिलंय. मी म्हटलं, ‘छान,’ आणि ‘अर्थ’ ह्या शब्दातला रफार एका ठिकाणी राहिलाय ते दाखवून दिलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर ती मेल्यावरही गेली नाही.

आजार सात महिने चालला. शेवटच्या दिवसांत एकदा दुपारी ती म्हणाली, ‘अहो, सर्व्हर तेवढा सांभाळा. आत आवाज आहेत.’

‘पासवर्ड लिहून दे ना,’ मी म्हटलं.

‘लिहायला कशाला हवा? तुम्हाला माहितेय. तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा हसलात ना, ते वाक्य. सगळं जोडून, इंग्रजी अक्षरांत.’ आणि थोडं थांबून म्हणाली, ‘आठवतंय ना?’

मी म्हटलं, ‘आठवतंय.’ आणि खरंच आठवत होतं. लग्नानंतरचा पहिला आठवडा. ती उन्हातून आली, ओट्याशी माझी बहीण उभी होती, तिला म्हणाली, मला पाणी दे. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणाली आणि मी हसलो. एवढं साधं. मी कुठं लिहूनही ठेवलं नाही.

ती गेल्यावर मी आवराआवर केली. आवरणं हे माझं दुसरं व्यसन. तिचा फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं, म्हणून महिन्याच्या आतच तिचा नंबर बंद करून टाकला. लॅपटॉप भाचीला कॉलेजसाठी दिला. तिनं तो कोरा करून घेतला. कपाट लावलं. सर्व्हर चालू ठेवला, बोललो होतो तसा, पण त्याकडे फिरकलो नाही. आवाज आत आहेत, सुखरूप आहेत, बस्स. कधीतरी ऐकू. धीर झाला की.

घरातल्या समारंभांचे माझ्या फोनमध्ये तिचे चार-पाच व्हिडिओ आहेत, ते मी बघायचो. त्यात ती स्वच्छ, शुद्ध बोलते. कुणाच्या बारशात ‘बाळाचे डोळे अगदी वडिलांवर गेलेत’ असं म्हणते, ‘ळ’ खणखणीत. दहा-बारा वेळा ऐकल्यावर एक दिवस मला भीतीच वाटली. हा तिचा आवाज आहे खरा, पण बोलतोय मी. मीच वाचलेलं प्रूफ. ती उरलीच असेल तर त्या कुलपाआड, म्हाताऱ्या बायांच्या ओटीवर.

आणि नेमका त्याच सुमाराला एजन्सीवाल्याचा फोन आला. ‘साहेब, भाभीवाली मशीन जुनी झाली. कंपनी एक तारखेला बंद करणार, डिस्क पण पुसून टाकणार. तुमचा माल काढून घ्या.’ नऊ दिवस होते.

मी छापखान्यातून थेट त्याच्याकडे गेलो. चाळिशीचा माणूस, वेफर्सच्या दुकानावर माळा, तिथं त्याचं ऑफिस. माणूस चांगला. भाभी गेल्या तेव्हा तो घरी येऊन गेला होता. म्हणाला, ‘साईं, माझ्या हातात काही नाय. आम्ही भाड्यानं घेतो, भाड्यानं देतो. रूट भाभींकडे. हमारी चाबी तो उन्होंने पहले दिन ही निकाल दी थी.’

‘पण पासवर्ड विसरला तर काहीतरी असेल ना?’

‘असतं ना. भाभींच्या मोबाईलवर कोड येतो.’

तो नंबर आता कुणा दुसऱ्याचा झाला होता. मी त्याला ते सांगितलं. कागदपत्रं करून, वारस म्हणून अर्ज देऊन होईल म्हणाला, पण नऊ दिवसांत नाही.

‘पासवर्ड मला माहितेय,’ मी म्हटलं.

‘मग झालं की!’ त्यानं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

मी टाइप केलं: मलापाणीदे, इंग्रजी अक्षरांत, जोडून. नाही. ‘पाणी’त एक ‘ए’ जास्त घातला. नाही. ‘पानी’ आणि ‘पाणी’ इंग्रजीत सारखंच, म्हणून ‘एन’ मोठा करून पाहिला. नाही. चौथ्यांदा मशीननं विचारलंच नाही.

‘तीनदा चुकलं की त्या जागेवरून चोवीस तास दार बंद,’ तो म्हणाला. ‘भाभींनीच लावलंय. चोरांसाठी.’

मग माझं रोजचं काम ते झालं. तीन त्याच्या ऑफिसातून, तीन घरून, त्यानंच दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर. मलापाणीदेगं. मलाथोडंपाणीदे. पाणीदेमला. तिच्या नणंदेचं टोपणनाव जोडून. एका ‘ए’चे दोन ‘ए’, दोनाचा एक. जन्मभर दुसऱ्यांच्या वेलांट्या मोजल्या, आणि आता स्वतःच्या बायकोचं एक वाक्य मला धड लिहिता येईना. सातव्या दिवशी छापखान्यात ‘शुभविवाह’मधला ‘वि’ दीर्घ सुटला आणि दोनशे पत्रिका तशाच छापून गेल्या. शेठ रागावले नाहीत. त्यांनी मला चहा पाजला. ‘घर जाव साईं,’ म्हणाले.

मी घरी गेलो नाही. जांभूळकडे गेलो, आक्काकडे.

आक्का अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बघून गडबडीनं उठली, पदर सारखा केला. ‘या भाऊजी. बसा. पाणी आणते.’ आत तिच्या सुना मोठमोठ्यानं बोलत होत्या, मी आल्याचं कळलं तशा गप्प झाल्या. हे असं नेहमीच व्हायचं. मला वाटायचं, जावयाचा मान.

मी आक्काला सगळं सांगितलं. म्हटलं, मी पहिल्यांदा हसलो ते वाक्य, ‘मला पाणी दे’ हेच ना? तिनं तुम्हाला कधी सांगितलं होतं का?

आक्का सूप मांडीवर घेऊन खाली बघत बसली. म्हणाली, ‘सांगितलं होतं.’

‘मग? चुकतंय कुठं?’

‘जाऊ द्या भाऊजी. जुनं झालं.’

‘आक्का, परवा ते मशीन पुसणार आहेत. तिचा आवाज आहे त्यात.’

तिनं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, ‘ती मला पाणी दे नाही म्हणाली. आमच्यात मला म्हणत नाहीत. ती म्हणाली, मना पानी दे. आणि तुम्ही म्हणालात, पाण्याला कुणी मना केलंय तुला? मनाई आहे का आमच्याकडे? सगळे हसले. तुमच्या आई, बहीण, सगळे. ती माहेरी आली तेव्हा मला सांगून रडली होती. मी म्हटलं, अगं थट्टा केली असेल. आणि मग आम्ही सगळ्यांनीच ठरवलं, तुमच्यापुढं नीट बोलायचं.’

मला ती थट्टा आठवत नव्हती. आजही आठवत नाही, देवाशपथ. बोलणारा विसरतो, ज्याला लागतं तो विसरत नाही, हे खरंच आहे. पण त्याहून वाईट सांगू? तिचं वाक्य मला आठवत होतं ते मी सुधारून आठवत होतो. ‘मना’चं ‘मला’ करून. तिच्या तोंडून ऐकलेलं माझ्या डोक्यात जाईपर्यंत प्रूफ वाचून झालेलं होतं. आणि ती मरणाच्या दारात मला ‘आठवतंय ना’ विचारत होती, तेव्हा मी छातीठोकपणे ‘आठवतंय’ म्हणालो होतो. थू माझ्या जिंदगानीवर.

घरचं दार त्या दिवसापुरतं बंद झालेलं होतं, सकाळीच तीन चुका केल्या होत्या, आणि एजन्सीही तोवर बंद झालेली. दुसऱ्या दिवशी एजन्सी उघडायच्या आधी मी वेफर्सच्या दुकानाशी जाऊन उभा राहिलो. एजन्सीवाल्यानं कुलूप काढलं, मशीन जोडून दिलं आणि खुर्ची मला दिली. मी एकेक अक्षर दाबलं. मनापानीदे.

मशीननं काहीही विचारलं नाही. खाली एक ओळ आली, तिच्या शेवटी हॅशचं चिन्ह, आणि पुढे पट्टी लुकलुकत राहिली. ‘आलं! साईं, रूट आलं!’ तो ओरडला. त्याला आनंद झाला होता. मी टेबलावर डोकं टेकून रडलो, त्या परक्या माणसाच्या ऑफिसात, सकाळी दहा वाजता. तो बिचारा पंखा लावून खाली गेला आणि बऱ्याच वेळानं दोन चहा घेऊन आला.

पुढचं त्यानंच केलं. आवाजांच्या फाइली जुन्या सर्व्हरवरून उतरवायला लागलो. नेट मुंगीच्या पावलानं. मी सुट्टी टाकून तिथंच बसून होतो, दुसऱ्या दिवशीही. सगळ्यात आधीच्या रविवारांपासून एकेक उतरत होत्या. शेवटच्या वर्षाच्या, ती आजारी असतानाच्या, काही राहिल्या होत्या तेव्हा मशीन बंद झालं. पडद्यावरची पट्टी लुकलुकायची थांबली, बस. मी चार दिवस आधी जांभूळला गेलो असतो तर त्याही आल्या असत्या. पण आक्काला विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं; वाक्य तर मला येत होतं ना.

पेनड्राइव्ह घरी आणला. ऐकायचा धीर होईना. आणि एकट्यानं ऐकायचा मला हक्क आहे असंही वाटेना. रविवारी तो घेऊन आक्काकडे गेलो. तिच्या नातवाच्या टीव्हीला जोडला, पहिली फाइल लावली.

आधी कोंबड्यांचा आवाज. मग भांडं पडल्याचा. आणि मग एक बाई जोरात हसली, मागून शिवी हासडली कोंबड्याला, आणि ‘गो काकी, इकरं बस, इकरं, उन्हान कला बसलंस!’ असं म्हणाली. मी आक्काकडे बघितलं. मला खरंच विचारायचं होतं, ही कोण.

‘तीच की,’ आक्का म्हणाली.

ती तिथं थांबतच नव्हती. म्हातारीची टर उडवत होती, स्वतःच्याच विनोदावर आधी हसत होती, एका शब्दावरून कुणाशी तरी हमरीतुमरीवर येत होती, गाण्याची एक ओळ चुकली तर ‘हट्’ म्हणून पहिल्यापासून म्हणत होती. इतका मोठा आवाज माझ्या घराच्या भिंतींनी कधी ऐकला नाही. आक्का टीव्हीकडे तोंड करून तिला उत्तरं देत होती, त्यांच्या बोलीत, जोरजोरात, डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसत होती. सुनाही येऊन बसल्या. मी आहे हे त्या विसरल्या होत्या. मी कोपऱ्यात हललोसुद्धा नाही.

कितव्या तरी फाइलीत म्हातारी तिला विचारते, ‘तुज्या घरान कोन बोलतं गो असां?’

आणि ती म्हणते, सहज, हसतच, ‘कोनी नाय. घरान मी मुकीच हाय गो.’

पुढे लगेच तिनं कसल्याशा भाजीचं नाव विचारलं, आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं. पण खोलीतलं बोलणं बंद पडलं. सुना उठून आत गेल्या. आक्कानं रिमोट शोधून आवाज कमी केला, तिला नीट जमेना, दोनदा वाढला.

मी म्हटलं, ‘आक्का, असू द्या. तुम्ही तुमच्या बोलीतच बोला माझ्याशी. मना चालेल.’

तिनं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले तिचे, काहीतरी आलं होतं तोंडाशी. मग तिनं पदरानं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि उठली.

‘ऊन फार आहे आज, भाऊजी,’ ती म्हणाली. ‘पाणी आणू का?’

‘ण’ अगदी स्वच्छ होता.